विचारून काढ

प्रज्योत, कंपनीने दिलेली बॅग घरी ठेव.
लोगो मोठा आहे आणि चेन पहिल्याच महिन्यात जाते.
माझी ही तापकीर गल्लीतली,
साडेतीनशे सांगितले, तीनशे दहाला दिली.

स्क्रूड्रायव्हर बोहरी आळीतून घे, चुंबकाचा.
दुकानदार अख्खा सेट गळ्यात मारायला बघेल.
सेट नको. एक लांब दांडीचा, एक बुटका, बास.
रात्री अडीचला रॅकच्या पोटात स्क्रू पडतो
तेव्हा चुंबकाइतकं जवळचं कुणी नसतं.

केज नट बसवायला पत्र्याचा हूक मिळेल.
तो वाकतो, आणि मग नखं जातात.
मी आईची क्रोशाची सुई आणली, स्टीलची, जाडी.
दापोडीतल्या निम्म्या दारांची तोरणं तिच्यावर विणलेली.
आता चौकोनी भोकांतून नट ओढते.
आई विचारते, सुई कुठं गेली गं?
कामाला लागली, म्हणते मी.

बॅटरी डोक्याला बांधायची घे,
रात्री सिंहगड चढणारी पोरं बांधतात तसली.
टॉर्च दातात धरूनही काम होतं,
पण मॅनेजरचा फोन नेमका तेव्हाच येतो.

स्वेटर. हसू नकोस.
बाहेर हिंजवडीत डांबर वितळू दे,
रॅकच्या पुढं डिसेंबर असतो, पाठीमागं मे,
आणि तू दिवसातून चाळीस वेळा
डिसेंबरातून मे महिन्यात जाणार. सर्दी होते. आलेपाक ठेव.

प्लॅस्टिकचे टाय आवळायचे नाहीत. वेल्क्रो.
आज बांधशील ते कुणाला तरी सोडावं लागणार,
बहुतेक तुलाच,
बहुतेक रविवारी.

लेबल दोन्ही टोकांना.
हे सगळे सांगतात, करत कुणी नाही.
सतरा नंबरच्या रॅकला एक निळी केबल आहे,
छापील लेबल नाही, नुसती चिकटपट्टी,
त्यावर बॉलपेनने: विचारून काढ. – शि.

शि. म्हणजे शिळीमकर.
माझ्या आधी ही रात्रपाळी त्यांची. एकोणीस वर्षं.
कानात बोळे कधी घातले नाहीत.
म्हणायचे, बोळे घातले तर
मशिनीचं दुखतंय कुठं ते कळणार कसं?
आणि कळायचं त्यांना.
शंभर पंख्यांतला एक जरासा घसरला
की अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे,
थेट त्याच रॅकपाशी.

दिवाळीआधी साफसफाई निघाली.
निळीचं एक टोक स्विचमध्ये, दुसरं फरशीखाली गडप.
दिवा लुकलुकत नव्हता. मेलेलीच वाटत होती.
पण लिहिलं होतं, म्हणून विचारायला फोन लावला,
वेल्ह्याला, पहाटे पाचला, धारेच्या वेळी.
कोण? म्हणाले.
नाव सांगितलं.
कोण?
मी हॉलबाहेर आले, दार लावलं,
जिन्यात उभी राहून ओरडले, काका, निळी केबल!
खालून वॉचमन काठी घेऊन धावत वर आला.
हो, हो, शिळीमकर म्हणाले,
बरी आहे आता, कालच डॉक्टर येऊन गेला.

म्हशीचं असावं.
बरं झालं, म्हटलं, आणि फोन ठेवला.

केबल अजून तिथंच आहे. जाता येता बघशील.
चिकटपट्टी सुटायला आली तेव्हा
मी वरून दुसरी लावली, पारदर्शक,
त्यांचं अक्षर दिसेल अशी.

आता ही डबी. नारिंगी आहेत, फोमचे.
स्क्रूड्रायव्हर विसरलास तर माझा देईन,
हे विसरलास तर गेटवरून परत पाठवीन.
बोटांत पिळून बारीक कर.
दुसऱ्या हातानं कान वर ओढ. आणखी.
घाल. फुलेपर्यंत धरून ठेव.

असं.
आता मी काय म्हणते ते ऐकायला येणार नाही.
माझ्या ओठांकडे बघ.