पहिलं माप

परभणीच्या मोंढ्यात एकतीस वर्षं मी मापं घातली.
तूर, ज्वारी, सरकी, सोयाबीन.
पोत्यावर हात ठेवला की कळायचं
ओल किती, माती किती, खोट कुणाची.
आता माझ्याच रक्ताची चिठ्ठी
दुसरं कुणी वाचून दाखवतं.

क्रिएटिनिन सहा पॉइंट दोन.
"म्हणजे किती भरलं?" मी विचारलं.
सिद्दीकी मॅडम हसल्या नाहीत.
"भरलं नाही, शेषेराव. उतरलं.
शंभरातलं अकरा राहिलंय."

केवळा म्हणाली, मग लावा की मशीन,
अकरावर कुणी थांबतं काहून?
मेहुणा म्हणाला, एकदा लागली की सुटत नसते,
माझ्या वळखीत एकजण काढा देतो.
एकाच सतरंजीवर बसून
दोघं मला दोन्हीकडून ओढत होते.

मॅडमना विचारलं, कधी?
त्यांनी आकडा बाजूला सारला.
जेवण जातं? जातं.
उलटी? नाही.
सपाट झोपता येतं? एका उशीवर येतं.
खाज? आहे, पण ती कुसळाची की आतली
ते मला सांगता येईना.
मग नडगीवर अंगठा दाबला त्यांनी.
खळगा पडला
आणि तो भरून येईस्तोवर
आम्ही दोघं बघत राहिलो.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.
"घाई केल्यानं तुमचं आयुष्य लांबत नाही.
पण उशीरही मला नको.
दर पंधरा दिवसांनी यायचं.
आणि हात आधी तयार करून ठेवायचा."

डाव्या मनगटाशी शीर धमनीला जोडली.
पिकायला दीड-दोन महिने लागतात म्हणाले.
पिकणं हा शब्द केवळाला पटला.
आढीतला आंबा बघावा तशी
रोज सकाळी हात बघायची, दाबायची मात्र नाही.
रात्री मनगटाला कान लावायची.
"गिरणी चालू हाय आत," म्हणायची,
"लांबच्या गल्लीत. पट्टा जरासा सैल हाय."

जलीलभाई आमच्याच अडतीवरचे मुनीम.
दोन वर्षं रिपोर्ट गल्ल्याखाली दडवून ठेवले.
एका रात्री छातीत पाणी भरलं,
जीपनं नांदेड, पहाटे तीनला गळ्यातून नळी,
सही पोरानं केली.
वाचले.
पण गळ्याशी हात नेऊन अजून म्हणतात,
दार वाजत होतं रे, मीच उघडलं नाही.

मला "अजून नाही"चे सात महिने मिळाले.
त्यात पुतणीचं लग्न झालं, मी पंगतीत वाढलो.
मेमध्ये गल्ली टँकरमागं धावत होती
आणि मी बाटलीवर पेनानं रेघा मारून
दिवसभराचं एक लिटर पुरवत होतो.
एकदा चोरून अर्धं केळ खाल्लं.
अर्धंच. उरलेलं केवळानं सालीसकट सापडवलं.

मग एका मंगळवारी तुरीची पोती मोजत होतो.
आम्ही पहिल्या मापाला एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो.
लाभ, दोन, तीन, सतरापर्यंत नीट गेलं.
सतरानंतर मी एकोणीस म्हणालो.
हमालानं पोतं तसंच पाठीवर धरून माझ्याकडं बघितलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी भाकरीचा वाससुद्धा सोसेना.
तोंडात तांब्याची चव.
वहीत मी काही लिहिलं नाही, काटा बंद केला,
बायकोलाही न सांगता रिक्षा धरली.
"मॅडम, माप चुकलं."
त्यांनी रिपोर्ट मागितला नाही आधी.
डोळ्यांत बघितलं, पाय बघितले, मनगटावर बोट ठेवलं.
गिरणी चालू होती.
"हं," म्हणाल्या. "आता."

दोन सुया. लाल दोरा बाहेर, लाल दोरा आत.
सिस्टरनं फाइलवर एक आकडा घातला.
मी खुर्चीत पडल्या पडल्या हळूच म्हणालो, लाभ.
केवळा दारात उभी होती,
पदरात बाटली, रेघांची.
"आन् दोन कवा?"
शुक्रवारी, सिस्टर म्हणाली.