निर्लेखन

खोली एक. लांबी बावीस फूट, रुंदी सोळा.
भिंत जांभ्याची. कौलं सातशेच्या आसपास,
फुटकी वेगळी मोजायची.
टेपचं दुसरं टोक श्रीपती सुतारानं धरलंय
आणि तो म्हणतोय, "सायेब, ह्या वाशांस्नी आजून वाळवी न्हाई."
मी लिहितो : वासे, सागवानी, अकरा.

आजऱ्यापासून तासभर
चिखलातनं मोटारसायकल ढकलत मी या वाडीत आलोय
ह्या खोलीची किंमत शून्य आहे, असं लिहायला.
शेजारी नव्या चार खोल्या झाल्यात,
गुलाबी रंग, प्रत्येक दारावर इयत्ता,
सगळ्यांत मिळून नऊ पोरं.

इथं चार भिंती म्हणजे चार वर्ग.
पहिली दाराकडं, दुसरी फडताळाकडं,
श्रीपती बोटानं दाखवत जातो.
मधे कुंभार गुरुजी, आडनावाला जागून
एका जागी फिरत राहणारे.
तिसरीला बेरजा घालून दुसरीची कविता ऐकायचे,
आणि पहिलीतलं पोर
पाटीवर ग गवताचा काढता काढता
चौथीचा भूगोल घेऊन घरी जायचं.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
आणि पाचवी, जी दिसत नाही.
श्रीपतीला नाव लिहिता यायच्या आधी
नद्या येत होत्या.
"चौथीत गेलो तवा नवं काय उरलंच न्हवतं."

घंटा : चरकाच्या लाटेचा तुकडा, तारेनं टांगलेला.
भंगार, अंदाजे सहा किलो.

खिडक्या दोन.
दुसरीच्या उंबऱ्याला बाहेरच्या अंगाला दोन खळगे,
गुळगुळीत, वाटीच्या बुडाएवढे.
पाणी गळून पडले असतील म्हणून वर बघतो,
पन्हळ तर पार तिकडं.
व्हरांड्यात पोषण आहाराची डाळ निवडणारी तानूबाई खोत
सूप खाली ठेवते, येते,
आणि दोन्ही कोपरं त्यात टेकवते.
बरोबर बसतात.

"म्हसरं डोंगराला सोडायची
आन् हितं हुबं ऱ्हायाचं.
आत या म्हनून कुनी बलावलं न्हाई,
जा म्हनून कुनी हाकललं न्हाई.
गुरुजी सवायकी तेवढी जरा मोठ्यानं म्हनायचं."

मग तशीच उभी राहून, सुपातल्या डाळीकडं बघत :
बे सवा अडीच,
तीन सवा पावणेचार,
चोक सवा पाच...
दहापर्यंत, कुठं अडखळत नाही.
श्रीपती सातावरच थांबलेला.

जुना पट उघडून पाहिला.
सव्वीस मुलगे, तीन मुली.
खोत आडनावाचा एक सदाशिव आहे, तिचा थोरला भाऊ.
"त्यो सारखा झोपायचा," ती म्हणते आणि डाळीकडं परत जाते.

प्रपत्र जवळजवळ भरलं.
दगड, लाकूड, कौलं, लोखंड, वजा घसारा.
शेऱ्याला दीड इंच जागा.
पेनातली शाई वाळेस्तोवर बसलो,
श्रीपतीनं दोनदा चहाला हाक मारली.
शेवटी लिहिलं :
खिडकी क्रमांक दोन.
मोजमाप बाहेरून घ्यावे.