सतराव्या किलोमीटरची दोरी

शर्यती मला त्यांच्या सूपवरून आठवतात.
पदकं बिस्किटांच्या डब्यात पडून आहेत,
घर आवरताना तेवढी खुळखुळतात.
बंदरावरच्या शर्यतीत शेवटी खेकड्याचं सूप देतात,
त्यात मिसो चक्क उकळलेला असतो.
मिसो आच बंद करून विरघळवायचा असतो.
तेवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
चारशे मुलांचं रांधतेय मी, मला सांगू नका.

सफरचंदांच्या गावात फोडी मिठाच्या पाण्यात ठेवतात,
काळ्या पडू नयेत म्हणून.
तिथल्या एका म्हातारीनं माझ्या पाठीवर थाप मारली,
"पळ पोरी, तुझ्या मागे अजून दोघं आहेत."
बावन्नाव्या वर्षी पोरी म्हणवून घ्यायला
मी दरसाल तीन हजार आठशे येन भरते.

धावते म्हणजे काय,
भाताचं भरलं पातेलं न्यावं तशी नेते स्वतःला,
हिंदकळू न देता.

सुरुवातीच्या रेषेवर ताठ पोटऱ्यांची तरणी पोरं.
सगळ्यांत मागे आम्ही:
मी, पोस्टातून निवृत्त झालेले मोनाई,
आणि कलिंगडाची टोपी घालून येणारा दंतवैद्य.
बंदूक वाजते. आम्हाला रेषेपर्यंत पोचायलाच
दोन मिनिटं लागतात.
ती कुणी मोजत नाही म्हणतात.
मोजतात.

यंदा नदीकाठच्या शर्यतीत वारा समोरून होता.
कापणी झालेल्या शेतांवरून सरळ येत होता,
अडवायला एक बुजगावणंही नाही.
बाराव्याला डावा गुडघा बोलू लागला.
म्हटलं, बोल, पण चालता चालता बोल.
चौदाव्याला मोनाई म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे,"
आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसले,
जी सुटली नव्हती.

सतराव्याला, पुलाच्या तोंडाशी, दोरी.
अजून जमिनीवर.
दोन टोकांना नगरपालिकेची दोन पिवळी जाकिटं.
डावीकडचा ओनोदेरा. लांबूनच ओळखला.
तिसरीत असताना दुधाच्या रिकाम्या खोक्यात
गाजराचे तुकडे लपवायचा.
एकदा पाऊण तास बसवून ठेवलं होतं त्याला,
खेळाचा तास गेला, रडला,
शेवटचा तुकडा पोटात जाईपर्यंत उठू दिलं नाही.

त्यानंही ओळखलं.
घड्याळाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
मी पन्नास पावलांवर होते, चाळीस,
दोरी वर आली.

"अर्ध्या मिनिटानं," तो म्हणाला आणि कमरेत वाकला,
इतका, की टोपी पडली.

मला राग यायला हवा होता.
आलाही असेल, धापेत कळला नाही.
माझ्या बुटावरची चिप सोडायला तोच खाली बसला.
गार पडलेली बोटं, गाठ सुटेना.
"गाजर खातोस का आता?"
"नाही," मान वर न करता म्हणाला.
"मुलीला मात्र खायला लावतो."

बसमध्ये हीटर, ओल्या मोज्यांचा वास,
आणि मोनाई,
माझ्यासाठी खिडकीची जागा धरून.
उमेबोशीचा डबा हातोहात फिरत आला.
दंतवैद्य कलिंगड मांडीवर घेऊन झोपला होता.
ड्रायव्हर कुरामोची. दर शर्यतीला हाच.
रस्त्यात अजून पळणारं कुणी दिसलं
की बस इतकी हळू करतो,
की आपण त्यांना मागे टाकतोय
असं ना त्यांना वाटावं, ना आम्हाला.

मैदानावर पातेली तळाला आलेली.
मुळा विरघळायच्या बेतात. गाजर भरपूर.
चाखलं.
मिसो उकळलेला नव्हता.
मी आणखी एक वाटी मागितली.