पिना

डॉक्टर मेहुलने यंत्र टेबलावर ठेवलं,
पांढरं, प्लास्टिकचं, एकदाच वापरायचं,
दाबायला मूठ, पुढे छोटी घंटी.
"काका, टाके नाही घालायचे. स्टेपलर. सात मिनिटं."
मी चष्मा पुसून विचारलं, तार किती नंबरची?
तो हसला. त्याला काय माहीत,
एकतीस वर्षं मी बाइंडिंग खात्यात काढली.
पंचांगं, प्रश्नपत्रिका, शाळेची व्याकरणं,
अर्ध्या बडोद्याच्या वह्यांच्या पाठीत
मीच पिना मारल्यात.

साखर आमच्या घरी उशिरा आली
आणि आली ती तिथे जाऊन बसली.
तिथे.
त्या जागेला आमच्याकडे एवढाच शब्द.
आईने न्हाऊ घालताना दिलेला,
पुढे शरयूने तसाच चालवलेला.
"तिथे आग होते का अजून?"
हे ती मेथी निवडताना विचारते, मेथीकडे बघत.
एका अवयवाचं सगळं आयुष्य
एका अव्ययावर भागवलं आम्ही.
अव्यय म्हणजे ज्यात घट होत नाही ते.
मीच बांधलेल्या पुस्तकात होतं, पान नऊ.

चिरा पडू लागल्या. लघवीला जाताना
मी नळ सोडून ठेवायचो, आवाज जाऊ नये म्हणून.

हिरवा कपडा छातीशी उभा केला.
सुई. मग तिथलं काहीच माझं नव्हतं.
मग खट्ट.
पिन वाकडी गेली की आवाज फुटका येतो,
नीट बसली की भरीव.
मी पडल्या पडल्या म्हटलं, बसली.
नर्सला वाटलं, काका घाबरलेत.

सहाव्या दिवशी इद्रीस आला, जांभळं घेऊन.
एकाच मशीनवर आम्ही,
तो फर्मे लावायचा, मी पायडल मारायचो.
शरयू चहा ठेवून आत गेली, दार ओढून घेतलं.
तो म्हणाला, "मी सहा वर्षांचा होतो.
मामू बोलला, ऊपर देख, सोने की चिड़िया.
बघितलं ना मी. तुला काय दाखवलं?"
"ट्यूबलाइट. तीही फडफडणारी."
इतकं हसलो की मला दुखलं,
आणि ते बघून तो आणखी हसला.

मग हसू मधेच संपलं.
दोघांचं एकदम. का, ते कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी छापखाना बारा दिवस बंद होता.
तो पाणीगेटकडे अडकलेला,
मी दूध शोधत बाहेर पडलेला.
गल्लीच्या तोंडाशी चार पोरं.
नाव विचारलंच नाही त्यांनी,
म्हणाले, नाडी सोड.
मी सोडली.
बॅटरीचा उजेड तिथे पडला, मग बाजूला झाला.
"जा, भाई."
मी घरी आलो. दूधसुद्धा आणलं होतं.

हे मी इद्रीसला कधी सांगितलं नाही.
बोटाच्या पेराएवढं कातडं.
परवा मेहुलने ते चिमट्याने उचलून
स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलं,
त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

पिना आपोआप गळतात, ओढायच्या नाहीत.
सकाळी चादरीत एक, कधी मोरीत दोन.
शरयू उकळत्या पाण्यातून काढते
आणि गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात ठेवते.
कशाला, विचारलं, तर म्हणाली, मोजायला नकोत?
काल रात्री दिवा न मालवता
तिने स्वतःच बघितलं,
चष्मा लावून, सुईत दोरा ओवावा तशी.
"तीन राहिल्यात," म्हणाली.
तिथे म्हणाली नाही.

इद्रीसने जाताना झाकणातली एक पिन उचलली,
नखावर धरून खिडकीकडे नेली.
"बारीक आहे रे तार," म्हणाला,
"पंचांगाला नसती पुरली."
मी म्हटलं, बस अजून थोडा वेळ.
तो बसला.
जांभळांनी त्याची जीभ निळी झालेली,
माझीही असणार.