रकाना अकरावा

फॉर्म आठ पानी.
मृदुलाने जर्मनीहून पाठवला, दुपारी शिरसाठने छापून दिला,
पानाला पाच रुपये, शिक्का रंगीत हवा तर सात.
आता रात्रीचे बारा चाळीस. अंबडची दुसरी पाळी करून आलोय,
निकुंभ काकूंकडून चिमीला झोपेतच उचलून आणलंय,
हाताला अजून मशीनच्या तेलाचा वास, म्हणून
कागदाखाली कालचं वर्तमानपत्र.

आडनाव: पिंगळे.
ळ त्यांच्याकडे नाही. पासपोर्टातच त्याचा ल झाला होता,
तेव्हा काही वाटलं नव्हतं.
गोवराची लस: दोन्ही, बिटकोच्या शिक्क्यासह.
झोपताना काय लागतं: आईच्या ओढणीचं टोक.
आई तिकडे, ओढणी इकडे, हे
विचारलेलं नाही.

अकराव्या रकान्यात मात्र चार ओळी मोकळ्या.
मूल घरी जे शब्द वापरतं ते लिहा,
म्हणजे आम्हाला त्याचं बोलणं समजेल.

कॉलेज रोडच्या क्लासात मी पहिली परीक्षा पास झालो.
तिथे रेल्वेचं तिकीट शिकवलं, घरमालकाशी बोलणं शिकवलं,
बाऊ नाही शिकवला.

शू, शी, जोजो: एकेका शब्दात भागलं.
भुर्र म्हणजे बाहेर. कुठेही. वाण्याच्या दुकानापासून विमानापर्यंत.
बाऊ म्हणजे लागलंय, आणि बाऊ म्हणजे भीती वाटतेय.
बाई, ती बाऊ म्हणाली तर
आधी गुडघा बघा, मग खिडकी.
गंगा म्हणजे नदी. आमच्या गावात गोदावरीला गंगाच म्हणतात,
बुधवारी गंगेवर बाजार भरतो, मेथी तिथून येते.
तुमच्याकडच्या नदीलाही ही गंगाच म्हणेल.
दुरुस्त करू नका,
लिहिलं, खोडलं,
दुरुस्त करा, पण हिवाळा संपल्यावर.

मग मारुती. तो चार ओळींत मावेना, पान उलटलं.
आमच्या घाटावर दोन तोंडांचा मारुती उभा आहे,
पूर आला की अख्खं शहर विचारतं, कुठवर आलं?
गेल्या श्रावणात ही माझ्या खांद्यावर होती,
पाणी त्याच्या कमरेला लागलेलं.
तेव्हापासून दूध, आमटी, अंघोळीची बादली, सगळं ती मारुतीवर मोजते.
गुडघा म्हणजे थोडं. छाती म्हणजे पुरे.
मारुती बुडाला असं ओरडली तर घाबरू नका,
फक्त ओतायचं थांबा.

खुर्ची सरकली तशी ती उठून आली, ओढणी फरफटत.
काय लिहितोयस?
तुझे शब्द.
बोट फिरवत तिने सगळे वाचल्यासारखं केलं.
टिंबू लिहिलं?
टिंबू म्हणजे काय गं?
टिंबू म्हणजे टिंबू. आईला माहितीये,
आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं
की मी आत्ताच सीबीएसला उतरलोय
आणि रस्ता विचारतोय.

चौदा महिने
सर्दी, वेणी, बालवाडीची रिक्षा, उवांचं औषध,
सगळं माझ्याकडे.
हा शब्द माझ्याकडे नव्हता.

टिंबू लिहिलं. पुढे दोन टिंबं दिली
आणि तिथेच पेन थांबलं.
फोटो काढून पाठवला.
ती गुडघ्याएवढं पाणी प्यायली, पुन्हा झोपली.

दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, वॉर्डातून, घाईतलं:
बाकी ठीक. सातव्या पानावर सही राहिली.
मग बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग.
मग
टिंबू आठवतं तिला अजून?

मी सातवं पान काढलं.
सही केली.
अर्थ विचारला नाही.