डावा कॉटर

रात्री अडीचला मेडिकलचा वॉर्ड झोपतो,
म्हणजे खोकणारेही जरा दमतात.
तेव्हा मी टेबलाखाली मोबाइल धरून
जुनी चेनव्हीलं बघते.

दोन बोटांनी मोठं करून बघते.
दात करवतीसारखे झालेत का,
गंज वरवरचा आहे की आत उतरलाय.
ही नजर वॉर्डातलीच,
वेगळी शिकावी लागली नाही.

विकणाऱ्याचं नाव होतं सोनू स्पेअर.
पण फोटोत फुलाफुलांची चादर,
चादरीवर चेनव्हील, आणि कोपऱ्यात
चुकून आलेला पायाचा अंगठा,
शेजारच्या बोटात जोडवं.

पुढच्या फोटोत मागचं रिम, चाळीस तारांचं.
तेच जोडवं.
मग हँडल, दांड्यांच्या ब्रेकसकट.
जोडवं थोडं मागे सरकलेलं.

लिहिलं मी : ताई, एकाच सायकलचे दिसतात सगळे भाग,
काहून तोडून विकता?
उत्तर सकाळी आलं, ड्यूटी संपता संपता :
"पुरी सायकल पाचशेले मांगतेत मॅडम.
सुटी केली त अठराशे होते."

हिशेब बरोबर होता.
मग मी तिची पुरी सायकल अठराशेला घेतली,
पगार झाला की एक खोकं, चार महिने.

हिंगणा नाक्यावरून निघालेलं चेनव्हील
भिवंडीच्या गोदामात मुक्काम करून
आठव्या दिवशी नंदनवनला आलं.
सोळाशे किलोमीटर.
सायकलवर असताना
एका दमात कधी एवढं फिरलं नसेल.

एप्रिल होता. गच्चीवरचं काम आठच्या आत,
नंतर पानाही हातात धरवत नाही.
रॉकेल मिळेना, डिझेलात भिजवले कप आणि कोन.
छर्रे मोजून वाटीत ठेवले,
एक घरंगळला तो थेट कूलरच्या टाकीत,
तिथेच आहे अजून.
फ्रीव्हील उघडलं तर आत दोन कुत्री
(मिस्त्री त्या खटक्यांना कुत्रीच म्हणतात),
एकाची स्प्रिंग मेलेली.
डाव्या पायडलचे आटे उलटे असतात,
हे डोक्याला माहीत,
हात दर वेळी विसरतो.

भाचा म्हणाला, मावशी, गिअरवाली घे ना, हप्त्यानं.
त्याला म्हटलं, तर्री गार होतेय, खा.

फ्रेम कुरियरनं येईना. गेले स्वतः आणायला.
जोडव्याची बाई दारात उभी, रुख्मा डोंगरवार.
सोनू मुलगा, पुण्याला असतो, मोबाइल त्याचा.
तिनं माठातलं पाणी दिलं,
फ्रेम ऑटोत घालू लागली, अर्धी आत अर्धी बाहेर.
वर पंप दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

सायकल उभी राहिली. चालू लागली.
पण सक्करदऱ्याच्या चढावर
दर फेरीला काहीतरी अडखळायचं,
एक पाय खड्ड्यात पडल्यासारखा.
मला वाटलं गुडघा.
सत्तावीस वर्षं उभी आहे मी रात्रीची,
जायचाच होता कधीतरी.
गोळी सुरू केली. पट्टा आणला.
ऑर्थोच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली
आणि वय विचारलं.

जूनमध्ये हिंगण्याला गेले, सहज,
बघू दे रुख्माला, पुरी कशी दिसते.
तिचा नवरा अंगणात ई-रिक्षा पुसत होता.
मी वळले, उतरले, घोडी लावली.
त्यानं हँडलकडे पाहिलं नाही, सीटकडे नाही,
वीस वर्षं ज्या दांड्यावर बहुतेक सोनू बसला असेल
त्याच्याकडेही नाही.
फडकं खांद्यावर टाकत म्हणाला,
"डावा कॉटर उलटा ठोकला तुमीनं.
गाडी लंगडून रायली ना."

आत गेला. हातोडी आणली,
कॉटरखाली टेकायला पाट्याचा तुकडा.
तीन ठोके. पिन फिरवली. दोन ठोके.
क्रँक हातानं फिरवून
डोळा बारीक करून पाहिलं,
एका रेषेत.

परत येताना चढ लागला.
पाय सरळ गेले, दोन्ही, सारखे.
पर्समध्ये गोळ्यांची अर्धी पट्टी शिल्लक होती.
फेकली नाही.
गुडघाही आहेच थोडा.