पावशेर

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
पहाटे चारला दादा काट्यापाशी उभा.
गोणी चढते, आकडा थरथरतो, थांबतो
आणि तो ओरडतो : बावन्न चारशे!
मी लिहून घेतो.

हा आकडा आम्हा दोघांना पाठ आहे.
लढतीच्या आदल्या दुपारी नेमका इथंच अडायचा तो,
पावशेर जादा.
मग अंगाला प्लास्टिकचा कागद गुंडाळून
दिघ्यापासून ऐरोली पुलापर्यंत धावणं,
तोंडात चिंचोका धरून थुंकत राहणं,
आणि सायकलवरून मागं मी, पहाऱ्याला,
एक थेंबही घशाखाली उतरू नये म्हणून.
बाबा माथाडी. म्हणायचे,
आम्ही वजन वाहून जगलो,
हा बेणा वजन उतरवून जगणार म्हणे.

पहिली लढत कळव्याला,
कुणाच्या तरी हळदीच्या उरलेल्या मांडवात.
सहा हजार रोख आणि एक मिक्सर.
मिक्सर अजून चालतो, झाकण तेवढं हातानं दाबून धरावं लागतं.

एकोणीस लढती. जिंकल्या आठ.
नवव्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

बँकॉकहून फोन आला, चार दिवसांवर लढत, चाळीस हजार.
तिथल्या पोराला एक विजय हवा होता,
आम्हाला छपराचे पत्रे.
हर, असं कुणीच म्हणालं नाही.
फक्त परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढलेलं,
आणि पाकीट आधीच माझ्या खिशात.

चौथ्या फेरीत दादाचा डावा हात
बरगडीखाली असा काही बसला
की ते पोरगं गुडघ्यावर आलं.
पंच सावकाश मोजत होता, फारच सावकाश.
ते उठलं, हात खाली, तोंड उघडं.
दादानं वळून कोपऱ्यात माझ्याकडे पाहिलं.

मी बादलीत पाहिलं.
बर्फ बराच वितळला होता.

आता एखादा व्यापारी बोलता बोलता
काट्याच्या कडेला अंगठा टेकवतो.
दादा आकडा सांगतच नाही.
शेठ, पाय, एवढंच म्हणतो
आणि पाय निघेपर्यंत उभा राहतो.
मागं गाड्यांची रांग, हमालांच्या शिव्या.

सातला सुट्टी. घामानं निथळत तो नळावर जातो,
ओंजळीनं पितो, पोट टम्म होईस्तोवर.
मी पुढं केलेली बाटली
तशीच माझ्या हातात.